तिसरी धमनी

दिनानाथांसाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तीन होत्या. तपासणी यंत्राच्या नमुन्यात दोनच. यंत्राने निकाल दिला: सदोष, टाकून द्या. नवं हृदय वाढायला नव्वद दिवस लागणार होते आणि दिनानाथांच्या हाती जेमतेम दहा होते.

“चुकीचं वाढलंय हो, काकू,” तंत्रज्ञ शर्वरी त्यांच्या पत्नीला म्हणाली.

“यांचं कुठे काय चारचौघांसारखं असतं! चहातसुद्धा मीठ घालतात,” कुसुमताई डोळे पुसत म्हणाल्या. “पेशी यांच्याच ना गं? मग यांचं जुनं हृदय तरी बघ.”

शर्वरीने जुना स्कॅन उघडला. त्यातही धमन्या तीनच होत्या. तिने यंत्राचा निकाल रद्द करून खाली सही केली.

शस्त्रक्रियेनंतर एकविसाव्या दिवशी कुसुमताईंचा हात धरून दिनानाथ सहा मिनिटांत दोनशे नव्वद मीटर चालले.