कमरेमागचा हात

"मला त्याचा हात दिसला न्हाई."

दवाखान्यातल्या खाटेवरून करीमनं बायकोला, बिलकीसला, असं सांगितलं, तेव्हा रामलिंग दाराशीच उभा होता. बिलकीसनं वळून त्याच्याकडं पाहिलं. त्याला बारा वर्षं झाली. पण वारा कानात शिरला, की रामलिंगला अजून तोच आवाज ऐकू यायचा.

आज वारा समोरूनच होता. चाकूर मागं पडलं तसा तो सरळ छातीवर आला. दोन्हीकडची करडई पिवळी होऊन डोलत होती, आणि त्या डोलण्यातून जाणाऱ्या दोनच सायकली. पुढं नाझनीन, मागं रामलिंग.

नाझनीन करीमची लेक. लातूर ते नांदेड ही तिची पहिली मोठी फेरी. दिवस बुडायच्या आत गोदावरीचा पूल गाठायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं. बिलकीस घरात सायकलचं नाव काढू देत नव्हती. "रामलिंग सोबत असंल तर जाऊ दे तिला," असं म्हणून करीमच मध्ये पडला. बिलकीस म्हणाली होती, "एकदा जाऊ दे. अर्ध्यातून परत आली, तर सायकल विकायची."

"काका," नाझनीन मान न वळवता ओरडली, "पुढं व्हा ना. थोडा आडोसा द्या."

"तूच चाल बेटा. मी हाय मागं."

"मागं राहून काय करून राहिले तुम्ही? माझी पाठ राखून राहिले का?"

रामलिंग हसला नाही.

सायकलवाल्यांचा रिवाज साधा असतो. पुढच्यानं वारा झेलायचा, मागच्यानं त्याच्या चाकाला चाक भिडवून आडोशानं यायचं. मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून खड्डा आला की पुढच्यानं कमरेमागं हात नेऊन बोटानं दाखवायचा. त्या बोटावर मागच्याचा जीव.

बारा वर्षांपूर्वी, त्या दिवशी, करीमनं नवे, बोटाएवढे बारीक टायर चढवले होते. अहमदपूरच्या टपरीवर चहा पिताना तो रामलिंगच्या जाड टायरांना हसला होता. "बैलगाडी हाय तुझी. आज उतारावर मी तुझ्या पुढं न्हाई गेलो, तर नाव बदल माझं." रामलिंग म्हणाला होता, "आपल्या रस्त्याला बैलगाडीच बरी." मग उतार आला. खड्डा आला. मागं लोखंड घासल्याचा आवाज आला.

आधी रामलिंगला पक्कं वाटायचं, की आपण हात दाखवला होता. बोटांमधून गेलेला वाराही त्याला आठवायचा. पण पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला जिवाभावाचा माणूस दिसला नाही म्हणतो, तर खरं कोणाचं धरायचं? पाटीवरची अक्षरं पुसावीत तशी ती आठवण पुसत गेली, आणि पुसलेल्या जागी करीमचा आवाज राहिला.

तेव्हापासून तो कोणाच्या पुढं झाला नाही. एकटा फिरायला निघाला, की मात्र प्रत्येक खड्ड्याला हात मागं नेऊन दाखवायचा. रेणापूरच्या रस्त्यावर शेळ्या वळणाऱ्या उमाबाई हसायच्या. "मागं कोण हाय रं बाबा? कोणाला दाखवून राहिला?"

करीमनं मात्र कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पाय आखूड झाला, एका बुटाला जाड तळ लावून तो आपल्या चपलांच्या दुकानात बसू लागला. ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा रामलिंगच्या घरी यायचा. रामलिंग माफी मागायला गेला, की करीम गिऱ्हाइकाकडं वळायचा. "सोड ना यार. जुनं काय उकरून राहिला." एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि आपण त्याचा पाय घेतला. रामलिंगला त्या डब्यातला घास गोड लागायचा नाही.

अहमदपूरची तीच टपरी आली. करीम भाड्याची जीप घेऊन थांबला होता. नाझनीननं सायकल बाकड्याला टेकवली आणि मटकन खाली बसली.

"झालं माझं. जीपमध्ये टाका."

"पाय दुखून राहिले?" करीमनं विचारलं.

"पाय चांगले हायेत, अब्बा. वारा फुटत न्हाई एकटीनं. काका पुढं होत न्हाईत."

"का रे?"

रामलिंगनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता. "एकदा तुला मागं घेतलं, करीम. आता लेकीला घेऊ? पुन्हा हात मागं गेला न्हाई तर?"

"जाईल."

"तवा कुठं गेला?"

करीम चुलीकडं वळला. चहावाल्यानं जाळ मोठा केला, पातेल्यातलं दूध वर आलं आणि खाली बसलं.

नाझनीननं फोन काढला. "अम्मीला सांगते. जिंकलीस म्हणते. सायकलला गिऱ्हाईक बघ."

"थांब," करीम म्हणाला.

तो उठला. जाड तळाचा बूट ओढत बाकड्यापाशी गेला. लेकीची सायकल सरळ केली, ढकलत आणली आणि तिचं पुढचं चाक रामलिंगच्या मागच्या चाकाला भिडवून उभी केली. किती तरी वेळ तो सीटवर हात ठेवून त्या दोन चाकांमधल्या फटीकडं बघत राहिला. मान वर केली नाही.

"रामलिंग," तो म्हणाला, "उतारावर पुढं जायची घाई मला होती. तुझा हात दिसला होता मला."