उजाड जागेसाठी

"तुमच्याकडे जंगल आहे ना बाई, तीच तर अडचण आहे," काजूची बशी पुढे ओढत साहेब म्हणाले.

सिंधुबाई बघतच राहिली. पहाटेची एसटी धरून ती त्र्यंबकच्या डोंगरातून नाशिकच्या या गारठलेल्या सभागृहात आली होती. गावच्या वनसमितीची ती अध्यक्ष. मागणं एवढंच, की उन्हाळ्याआधी देवराईभोवतीचं गवत काढून रुंद पट्टा मोकळा करायचाय, त्याची मजुरी मिळावी. गेल्या शिमग्याला शेजारच्या बोडक्या डोंगरावरून वणवा आला आणि देवराईची एक कड खाऊन गेला. यंदा पट्टा नसला तर देवाच्या डोक्यावर सावलीसुद्धा उरायची नाही.

"हा हवामानबदलाचा निधी आहे," सल्लागार स्नेहल मॅडम लहान मुलाला सांगावं तशा सांगू लागल्या. "नवी हिरवाई दाखवावी लागते. तुमची आधीपासूनच आहे."

तो बोडका डोंगर सहादूच्या गावचा. सहादू पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता. मेल्यानं अख्खा डोंगर तोडून वीटभट्ट्यांना घातला, आणि आता तिथंच दरसाल त्याच त्या खड्ड्यांत नवी रोपं खोचतो. त्याचा प्रस्ताव चहा यायच्या आत मंजूर झाला होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

सिंधुबाईनं तरी सांगून पाहिलं. देवराईतली वाळकी काटकीही गावाच्या चुलीला चालत नाही. राखणीची काठी दारोदार फिरते. ज्याच्या दारात काठी, त्याचा त्या रात्री पहारा.

"वा, फारच सुंदर," साहेब म्हणाले. "मॅडम, हे अहवालात घ्या."

"आन् पट्ट्याचं?"

"ते नियमात बसत नाही हो."

"मंग तोडलं असतं तर बसलं असतं?"

साहेब नुसते हसले. त्यांना यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही.

मग देवराई राखल्याबद्दल तिचा सत्कार झाला. हल्ली तिथं पुष्पगुच्छ देत नाहीत, कुंडीतलं रोप देतात. पर्यावरणाची फारच काळजी. साहेबांनी कॅमेऱ्याकडे तोंड करून सिंधुबाईच्या हातात रोप ठेवलं. सगळ्यात जोरात टाळ्या सहादूनं वाजवल्या.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. कार्यालयाचं अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत फरसबंद, वर ओळीनं पांढऱ्या गाड्या. झाड औषधालाही नव्हतं.

तिनं काजूची बशी बाजूला सारली आणि कुंडी साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"हे तुमालाच ऱ्हाऊ द्या, साहेब. आमच्याकडं जंगल हाय, आमी नियमात बसत नाय. तुमी बसता."

आणि एसटी चुकू नये म्हणून ती तरातरा निघाली. राखणीची काठी आज तिच्याच दारात होती.