पाद्र्याची बादली

भरलेली बादली रुक्मिणीने लाथेने उलटवली. घोड्याचं तोंड बादलीपासून वीतभरच दूर होतं. भिजवलेले हरभरे, कोंडा आणि गूळ अंगणात पसरला. घोडा दचकून मागे सरला. निरोपाला जमलेली माणसं त्याच्याहून जास्त मागे सरली.

“आये!” लवू ओरडला. “खुळावलंस काय गो?”

 घोड्याला न्यायला मालकांचे मॅनेजर केरसीशेठ मुंबईहून ट्रक घेऊन आले होते. ते उकिडवे बसले. चष्मा वर करून त्यांनी हरभऱ्यांतून चिमूटभर काहीतरी वेचलं. हिरवे, बारीक चिरलेले तुकडे.

“कण्हेर,” ते म्हणाले. “घोड्याला मारायला ओंजळभर पुरते. नुसती दिली तर कडू म्हणून थुंकेल. गुळात कालवून दिली तर...”

चिमटीतले तुकडे त्यांनी झटकून टाकले. 

घोड्याचं नाव यंग बिशप. कुणकेश्वरात त्याला सगळे पाद्रीच म्हणत. अठरा शर्यती धावला, चौदा जिंकला. एकसष्ट सालची डर्बी तर साडेचार घोड्यांच्या लांबीने. मग पुढच्या पायाची शीर सुजली. खाऱ्या पाण्यात चालवा, असं घोड्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याची निगा राखणारा मोतद्दार लवू नेमका समुद्राकाठचा. म्हणून हिवाळ्याचे दोन महिने पाद्री लवूच्या गोठ्यात राहिला आणि गाय पडवीत आली. रोज सकाळी लवू त्याला गुडघाभर पाण्यात फिरवी. पाय बरा झाला. आता त्याला पुण्याकडे पैदाशीच्या फार्मवर न्यायचं होतं. त्याचं धावून झालं होतं. यापुढे त्याने फक्त वंश वाढवायचा.

तो वंश छापील होता. पाच पिढ्यांचा कागद लवूने घरात देवांच्या तसबिरींशेजारी चिकटवला होता. कोणी आलं की तो सगळी नावं कवितेसारखी म्हणून दाखवी. पणजा, आजा, आजी, आई. बापाच्या नावाशी मात्र त्याची जीभ अडे.

बाप म्हणजे आयर्न बिशप. खास आयर्लंडहून आणलेला. एक्कावन्न साली त्याने मुंबईच्या तबेल्यात एका मोतद्दाराच्या छातीत लाथ घातली आणि तो जागीच गेला. तो मोतद्दार म्हणजे परशुराम, रुक्मिणीचा नवरा. पुढच्या रविवारी आयर्न बिशप शर्यत जिंकला आणि पेपरात त्याचा फोटो आला. परशुरामाबद्दल कुठेच काही छापून आलं नाही. लवू तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याला बापाच्या जागी ठेवून घेतलं, ही मालकांची मेहेरबानी.

गावाला हे सगळं ठाऊक होतं. त्यामुळे दोन महिने गाव रुक्मिणीकडे डोळे लावून बसलं होतं. ती घोड्यावर डाफरली असती तर लोकांना बरं वाटलं असतं. ती त्याला रोज पेज पाजी. त्याचीच लोकांना जास्त भीती वाटे.

“माका ठावकच होता!” शेजारची मथुरा पुढे झाली. “शेटानु, परवा मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. ही कोयती घेवन आपल्याच वंयची, कुपणावरची कणेर तोडी होती. बुंध्यापासून! एक फांदी म्हणान ठेवक नाय. आणि काल आमच्या वंयची ओरबाडलेली. ती पण हिनाच ओरबाडल्यान आसतली.”

“खरं का, बाई?” केरसीशेठनी विचारलं.

रुक्मिणीने लवूकडे पाहिलं. तो हात काखांत घट्ट आवळून उभा होता. 

“होय,” ती म्हणाली. “मीच घातलंय. ह्येच्या बापाशीन माझ्या घोवाक मारल्यान.”

“मग उलटवलीत का?”

“धीर नाय झालो.”

केरसीशेठनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, “परशुराम माझ्या हाताखाली होता. मी पोलिसांत जाणार नाही. पण या घरातलं माणूस यापुढे घोड्याजवळ नको. लवू, तू ट्रकमध्ये चढू नकोस. आमच्या कुठल्याच तबेल्यात येऊ नकोस.”

लवूने तोंड उघडलं. पण रुक्मिणीच आधी बोलली.

“बरोबर आसा, शेटानु. ह्येका नेव नकात.”

“बघा!” मथुरा म्हणाली. “आवशीन झिलाची नोकरी खाल्ल्यान, वर मान डोलयता!”

ट्रकला फळी लावली. दुसऱ्याच कोणीतरी लगाम धरला. फळीवर पाय ठेवता ठेवता पाद्री थांबला. मान वळवून त्याने लवूला शोधलं. रोज समुद्रातून परतल्यावर लवूच्या तळव्यावरचं मीठ चाटायची त्याला सवय होती. त्याने मान लांब केली, ओठ पुढे काढले. लवू एक पाऊल मागे गेला. काखेतले हात त्याने काही बाहेर काढले नाहीत.

“सहन होत नाही बिचाऱ्याला,” केरसीशेठ म्हणाले आणि त्यांनी स्वतःचेच डोळे पुसले.

ट्रक गेला. माणसं पांगली. मथुरा सगळ्यांत शेवटी गेली, तीसुद्धा तीनदा मागे बघत. रुक्मिणीने अंगणातला दाणा न् दाणा झाडून घेतला, खड्डा खणून पुरला आणि वर धोंडा ठेवला. लवू पायरीवर बसून होता. तिच्याकडे बघत नव्हता.

ती आत गेली. पाण्याचा तांब्या आणि मूठभर राख घेऊन आली. त्याच्या शेजारी बसली.

“ह्या जनावरान काय केल्यान रे आपला?” तिने विचारलं.

लवूने हात काखांत आणखी घट्ट दाबले.

“हात फुडे कर,” ती म्हणाली. “कणेरीचो चीक तो. नुसत्या पाण्यान जावचो नाय.”