छापील दाखला

"'सोडत : जुगाराचा एक प्रकार.' नव्या आवृत्तीतही हे असंच जाणार," शब्दकोशाच्या कचेरीतून आलेल्या बाई कप बाजूला ठेवत म्हणाल्या. "बदलायचं तर आधार लागतो, काका."

"आधार मी आहे की!" पिंपकाका खुर्चीच्या टोकावर आले. एकतीस वर्षं त्यांनी बक्षिसाच्या चिठ्ठ्यांचं पिंप फिरवलं होतं. उजवा दंड अजून डाव्यापेक्षा जाड होता. "आधी रिकामं पिंप लोकांना दाखवायचो. मग चिठ्ठ्या टाकून फिरवायचो. डोळ्यांना पट्टी, बाही कोपराच्या वर, आणि मगच आत हात. यात जुगार कुठे आला? जुगार खेळत असेल तर तिकीट घेणारा. सोडत म्हणजे चारचौघांदेखत केलेली निवड! मी तर जन्मात एक तिकीट घेतलं नाही."

"पटतंय हो. पण तोंडी चालत नाही. छापील दाखला हवा, जितका जुना तितका बरा. आहे एखादं जुनं तिकीट?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. तिकीट न घेतल्याचा पश्चात्ताप त्यांना आज पहिल्यांदाच होत होता. याच कोशातल्या याच ओळीवर बोट ठेवून सासरे म्हणाले होते, "जुगाऱ्याला मुलगी देणार नाही." मुलगी लग्न करून आली, पण सासऱ्यांनी कोश काही मिटला नाही.

इतका वेळ गुमान भाजी निवडत बसलेल्या काकू उठल्या. कपाटावरून बिस्किटांचा जुना डबा काढून त्यांनी बाईंपुढे ठेवला.

डबा तिकिटांनी गच्च भरला होता. वरच्या तिकिटांवर 'लकी ड्रॉ'. बाई उपसत गेल्या तसं 'बंपर सोडत', मग 'भव्य सोडत'. आणि अगदी तळाशी, पिवळ्या पडलेल्या पहिल्या तिकिटावर : 'सोडत सर्वांसमक्ष काढली जाईल.' तारीख लग्नानंतरच्या महिन्याची.

"नुसता शब्द नाही, अर्थसुद्धा छापलाय!" बाईंनी पेन उघडलं आणि वहीतल्या 'जुगार'वर आडवी रेघ मारली.

काकांना मात्र घाम फुटला होता. "अगं, आमच्या घरच्यांना तिकीट घ्यायला बंदी होती! आणि तू डबाभर घेतलीस?"

"बाबांना दाखवायला. दर महिन्याला मी त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवायचे. म्हणायचे, बघा, याही खेपेला लागलं नाही."

"आणि लागलं असतं म्हणजे? नोकरी गेली असती माझी!"

काकूंनी तिकिटं जशीच्या तशी डब्यात रचली, झाकण दाबून बसवलं, आणि नवऱ्याकडे न बघता बाईंना ऐटीत सांगितलं,

"लागेल कसं? सोडत हे काढायचे."