बाबांचं पथ्य

परदेशातल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बाबांनी तीस वर्षं स्वयंपाक केला होता. आई गेल्यापासून त्यांचं वजन वाढतच चाललं होतं. दहा किलो उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. साखर बंद झाली, तळण बंद झालं, तेल चमच्याने मोजून सुरू झालं. चार महिने झाले तरी काटा जागचा हलेना.

"खरं सांगा बाबा, चोरून काय खाता?" दोन गल्ल्या सोडून राहणारी लेक शेवटी ऐन जेवणाच्या वेळेला येऊन धडकली. तिने डबे हुंगले, फ्रीज उचकला. सापडल्या त्या काकड्या आणि ताक.

"पोलिसांनाही आणायचंस सोबत," म्हणत बाबांनी टेबलावर दोन ताटं वाढली.

"मी जेवून आलेय, बाबा."

"तुझं नाही ते." बाबा ओशाळले. "शंभर माणसांचा अंदाज मला डोळे मिटून येतो गं. दोघांचाही येतो. एकाचा काही केल्या येत नाही. मग तिच्या वाटणीचंही मीच संपवतो. अन्न टाकलेलं तुझ्या आईला कधी खपलंय का?"

लेक आईची खुर्ची ओढून बसली आणि तिने ते ताट पुढ्यात घेतलं.

"अगं, जेवून आलीस ना?"

"पुन्हा भूक लागली."

ऑपरेशनची तारीख मिळाली, तोवर बाबांचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं आणि लेकीचं चार किलोंनी वाढलं होतं.