धरणाऱ्याचा शब्द

"घेतला?" सासऱ्यांनी विचारलं.

थोरला जावई गुडघ्यांवर होता. दोन्ही हात पुढे पसरलेले आणि त्यांत चेंडू. चेंडू जमिनीला टेकून बारीकशी उसळी घेऊन हातांत आला होता. उसळी इतकी लहान, की ती फक्त त्याच्या तळव्यांना कळली.

"घेतला," तो म्हणाला.

सासऱ्यांनी बॅट काखेत धरली आणि ते चालू लागले.

"बाबा, थांबा! टप्पा होता!" समोरच्या टोकाकडून धाकटा मेहुणा ओरडला. दरवर्षीच्या घरचे विरुद्ध जावई सामन्यात घरच्यांची शेवटची जोडी होती आणि जिंकायला दोनच धावा हव्या होत्या. "धूळ उडालेली बघितली मी."

"संशय आला तर कुणाला विचारायचं?" सासऱ्यांनी मागे न वळता विचारलं.

"धरणाऱ्याला."

"विचारलं मी. ते घेतला म्हणाले. मग?"

नियम सासऱ्यांचाच होता आणि दरवर्षी पाळला जायचा, कारण अंपायर सासूबाई होत्या. चष्म्याशिवाय त्यांना लांबचं दिसत नसे आणि चष्मा लावून खेळातलं कळत नसे. त्यांनी खुर्चीतूनच बोट वर केलं.

जावई जिंकले. पहिल्यांदाच. बाकीचे दोघे जावई धावत आले आणि त्यांनी थोरल्याला खांद्यावर घेतलं.

"काय झेप मारलीत, दादा!"

"पाहुण्यांनी जेवावं, हरावं आणि घरी जावं, असं म्हणत होतास ना दरवर्षी?" मधला जावई मेहुण्याला म्हणाला. "आता बोल!"

"अरे, थांबा. खाली ठेवा मला," थोरला म्हणाला. त्यांनी खाली ठेवलं आणि पाठीवर थापा मारल्या. बोलायचं तर आत्ताच, असं त्याला वाटलं. तेवढ्यात सासरे समोर येऊन उभे राहिले.

"हात दाखवा, जावईबापू."

त्यानं उजवा हात खिशात घातला. "काही नाही झालं, बाबा."

"झालं नाही कसं? मैदान मुरमाचं, कॅच इतका खाली. चेंडूखाली बोटं घातलीत म्हणजे सोलवटली असणार. गेल्या वर्षी माझी सालटी निघाली होती, आठवतं ना?"

"सांगायचे नाहीत ते," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "लग्नात दाढ ठणकत होती तरी हसत उभे होते. फोटोत गाल बघा की सुजलेला!"

सगळे हसले. तोही हसला.

"अगं, तुझी पेटी आण," सासऱ्यांनी मुलीला हाक मारली. "यांचा हात बघ जरा."

थोरल्याची बायको हाडांची डॉक्टर होती. नुकतीच आऊट होऊन बाकावर बसली होती, पायांना अजून पॅड होते. तिनं ते सोडले, गाडीतून पेटी आणली आणि त्याला शेजारी बसवलं.

"हात."

त्यानं हात दिला. तिनं तो उजेडाकडे धरला आणि एकेक बोट वाकवून पाहिलं. मग मागची बाजू पाहिली, जिथे मुरूम लागायला हवा होता. कातडी कुठेही सुटली नव्हती. सांध्यांच्या सुरकुत्यांत धूळसुद्धा नव्हती. तिनं डावा हात मागितला. तोही तसाच.

तिनं वर पाहिलं. तो तिच्या हातातल्या कापसाकडे बघत होता.

"अगं, ऐक..."

"हलू नकोस."

तिनं कापूस औषधात बुडवला आणि उजव्या हाताच्या बोटांवरून फिरवला. सावकाश, एकही सांधा न चुकवता. काहीच झोंबलं नाही. मग जाळीची पट्टी काढून ती गुंडाळू लागली.

"जास्त खरचटलंय का गं?" सासऱ्यांनी विचारलं.

तिनं चिकटपट्टी दातांनी तोडली.

"थोडंसं," ती म्हणाली. "होईल बरं."

ती वडिलांकडे न बघता बोलली.

धाकटा मेहुणा जवळ आला. त्यानं पट्टी पाहिली आणि त्याचे कान लाल झाले. "सॉरी, भावोजी. मी उगाच ओरडलो. तिथून नीट दिसलं नसणार मला."

"असू दे रे."

"नाही, खरंच. तुमच्यावर संशय घेतला मी."

बायकोनं पेटीची कडी लावली. ती पहिल्यांदा नीट बसली नाही. तिनं पुन्हा दाबली आणि पेटी ठेवायला ती गाडीकडे गेली. कप द्यायची वेळ झाली तरी ती तिकडेच होती. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि ती आतलं काहीतरी पुन्हा पुन्हा लावत होती.

कप म्हणजे एक पितळी पेला. सासरे शिकवत असताना शाळेनं त्यांना दिलेला. आजवर तो दरवर्षी सासऱ्यांच्याच कपाटात परत जायचा. सासऱ्यांनी तो रुमालानं पुसला आणि मधल्या जावयाकडे दिला. "धर रे. तुमच्या कॅप्टनशी आधी हात मिळवू दे मला."

थोरला पुढे झाला. चालताना त्यानं पट्टीच्या आत बोटं वाकवून पाहिली. सहज वाकली. त्यानं ती पुन्हा ताठ केली आणि हात पुढे केला.

"तो नको. दुखेल," सासरे म्हणाले आणि त्यांनी आपला डावा हात पुढे केला.