दारं धरताना

माझ्या धाकट्या जावेनं, बनुबाईनं, चाळीस वर्षं इस्लामपूरच्या रानात उसाला दारं धरली. एका सरीचं तोंड मातीनं बांधायचं आणि पाणी दुसरीत सोडायचं.

सांगलीच्या डॉक्टरांनी तिला गोळी समजावून सांगितली. "आजी, छातीतल्या गाठीला 'वाढ, वाढ' असा निरोप एक एन्झाइम पोचवतं. ही गोळी त्याची वाट अडवते."

"म्हंजे सरीला माती लावून पाणी तटवायचं," बनुबाई म्हणाली. "एवढ्यासाठी इतकं शिकलासा व्हय?"

डॉक्टर हसले. मीही हसले.

वर्षभर गाठ आकसत गेली. काल मात्र डॉक्टरांनी नवा रिपोर्ट दोन-तीनदा उलटून पाहिला.

"पाणी दुसऱ्या सरीनं फुटलं न्हवं?" बनुबाईनंच विचारलं.

"हो, आजी. तिथं अडवायला दुसरी गोळी आहे."

"लावू की तिथंबी माती. पर एकूण सऱ्या किती हायत्या?"

"अजून कुणी मोजल्या नाहीत."

बनुबाईनं खुर्चीखाली चपला काढून ठेवल्या, सरीत उतरताना बांधावर काढायची तशा.